‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्या आईला काय उत्तर द्यायचं? स्मृतिभ्रंशाच्या माणसाची घरातली काळजी

डिमेन्शिया झालेल्या माणसाला सांभाळताना घरच्यांची निम्मी ताकद एकाच गोष्टीत जाते, ती म्हणजे खरं काय ते त्याला पटवून देण्यात. ‘अहो नाना, आत्ताच जेवलात की!’ ‘आई, बाबांना जाऊन किती वर्षं झाली, विसरलात का?’ ‘हेच आपलं घर आहे, पिशवी भरून कुठे निघालात?’ यातलं एकही वाक्य खोटं नसतं आणि तरी शेवट रडण्यात नाहीतर भांडणात होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पटवणं का चालत नाही, हे मेंदूत काय बिघडलंय ते समजलं की लक्षात येतं आणि त्याऐवजी काय करायचं तेही सुचायला लागतं. म्हणून आधी थोडं मेंदूबद्दल.

मेंदूत काय होतं

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, ही एक अवस्था आहे. आठवण, भाषा, हिशोब, निर्णय यांत इतकी घसरण होते की रोजचे व्यवहार एकट्याने जमत नाहीत. ही अवस्था आणणारे आजार बरेच आहेत. त्यातला सगळ्यांत मोठा अल्झायमर. सुमारे ६० ते ७० टक्के रुग्णांत त्याचा हात असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पडून होणारा व्हॅस्क्युलर डिमेन्शिया आपल्याकडे बराच दिसतो, कारण बीपी आणि शुगर घरोघरी आहे. नसलेली माणसं किंवा प्राणी दिसणं आणि हालचाल मंदावणं हे लेवी बॉडी प्रकारात होतं. स्वभावच पालटणं, लाजलज्जा सुटणं हे फ्रंटोटेम्पोरल प्रकारात आधी दिसतं, तेही पुष्कळदा साठीच्या आत. वय वाढलं की दोन प्रकार एकत्रही असतात. भारतातल्या ज्येष्ठांच्या एका मोठ्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देण्याइतकी ही किरकोळ गोष्ट नाही, आणि साठीपुढच्या बहुसंख्य लोकांना तो नसतो हेही त्याच आकड्यातून दिसतं.

अल्झायमरमध्ये दोन प्रथिनं मेंदूत साचतात. अमायलॉइड पेशींच्या बाहेर थर धरतं, टाऊ पेशींच्या आत गुंता करून बसतं आणि पेशी मरत जातात. जर्मन डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये आपल्या एका मृत रुग्णाच्या मेंदूत हेच पाहिलं होतं. हा सगळा प्रकार लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेला असतो.

पहिला मार बसतो तो हिप्पोकॅम्पस या भागावर. त्याचं काम सरकारी कचेरीतल्या आवक टेबलासारखं आहे. पत्र आलं, कारकुनाने वाचलंसुद्धा, पण बारनिशीत, म्हणजे आवक वहीत, नोंद केली नाही, तर चार वाजता साहेबांना ‘असं पत्र आलंच नाही’ हेच उत्तर मिळणार. आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. आईने विचारलं, ‘सुधा कधी येणार?’ तुम्ही म्हणालात, ‘रविवारी.’ तिने ऐकलं, तिला समजलं, पण नोंद झाली नाही. पाच मिनिटांनी ती विचारते तेव्हा तिच्या दृष्टीने ती पहिल्यांदाच विचारत असते. ‘किती वेळा सांगू?’ या तुमच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तरच नाही.

जुन्या नोंदी मात्र मेंदूत इतरत्र पक्क्या झालेल्या असतात, त्या उशिरा जातात. म्हणून सकाळचे पोहे आठवत नाहीत, पण नाशिकच्या शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, पन्नास वर्षांपूर्वी रंगपंचमीला कोणी कोणाला ढकललं ते नावानिशी आठवतं. घरात मग कुजबुज होते, ‘सोयीचं तेवढं बरं आठवतं!’ तसं नाही, यात सोय कुठेच नाही.

तिसरी गोष्ट काळजी घेणाऱ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची. आठवण जाते, पण भावना मागे राहते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. अल्झायमरच्या रुग्णांना काही दुःखी आणि काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने काय पाहिलं हे त्यांना जवळजवळ सांगता येईना, पण मनावरचं दुःख किंवा आनंद टिकून होता. ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख तर जास्त वेळ टिकलं. म्हणजे सकाळी आपण खेकसलो ते शब्द दहा मिनिटांत पुसले जातात आणि दुपारपर्यंत आई धुमसत बसते, का ते तिलाही माहीत नसतं. उलट प्रेमाने केलेली वेणीसुद्धा वाया जात नाही.

आधी नक्की करा, डिमेन्शियाच आहे ना

विसरणं वाढलं म्हणजे अल्झायमरच, असं धरून बसू नका. बी-१२ ची कमतरता (शुद्ध शाकाहारी घरांत ती फार), थायरॉइड कमी होणं, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेलं रक्त, नैराश्य, ऐकू न येणं यांनीही माणूस विसरभोळा आणि हरवल्यासारखा होतो, आणि यातलं बरंचसं सुधारता येतं. काही औषधांनीही गोंधळ होतो. सर्दीच्या गोळ्यांत असणारं क्लोरफेनिरामिन, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला झेपत नाहीत. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, मेडिकलवाल्याने हाताने दिलेल्यासुद्धा.

एक फरक प्रत्येकाने लक्षात ठेवावा. डिमेन्शिया महिन्या-वर्षांत वाढतो. काल बरी असलेली आजी आज अचानक बरळायला लागली, कोणी ओळखू येईना, दिवसभर गुंगीत आहे, तर ते डिलिरियम, म्हणजे दुसऱ्या एखाद्या दुखण्याने अचानक आलेला गोंधळ, असू शकतं. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, न्यूमोनिया, नवं औषध अशी कारणं असतात आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. डिमेन्शियाच्या रुग्णालाही डिलिरियम होतं, तेव्हा ‘आजार वाढला’ म्हणून घरी बसू नका.

तपासायला न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ चालतात. नाशिकमध्ये दोन्ही खासगीत आहेत, आणि परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथे रक्त तपासतात, मेंदूचा स्कॅन सांगतात आणि तोंडी चाचणी घेतात: आजची तारीख, तीन शब्द लक्षात ठेवणं, घड्याळाचं चित्र काढणं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला घड्याळ काढायला लावून काही कळत नाही. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा आणि त्याऐवजी घरातली माहिती द्या. भाजीवाल्याचा हिशोब चुकायला कधी लागला? पुरणपोळीचं प्रमाण कधी बिघडलं? ओळखीच्या गल्लीत वाट कधी चुकली? वहीत तारखांनिशी लिहून नेलेली अशी चार पानं महागड्या स्कॅनइतकीच कामाला येतात.

औषधांकडून अपेक्षा माफक ठेवा. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही आपल्याकडे मिळणारी औषधं आजार थांबवत नाहीत. काही जणांची काही काळ धार टिकवतात. डोनेपेझिलने मळमळ होऊ शकते, नाडी मंद होऊ शकते, चित्रविचित्र स्वप्नं पडू शकतात, तेव्हा परत जाऊन सांगा. अमायलॉइड काढणारी लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही इंजेक्शनं अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झाली. ती अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत, घसरण थोडी मंदावतात, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहायला वारंवार एमआरआय करावा लागतो. चिडचिड, मारहाण यांसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ पासूनच दिलेला आहे. कधीकधी ती लागतात, पण कमी मात्रेत, थोडे दिवस आणि दर वेळी ‘आता बंद करता येईल का?’ असं विचारून. लेवी बॉडीच्या रुग्णाला तर ती फारच घातक ठरू शकतात.

सही करता येते तोवर

निदान झालं की घरचे कागदपत्रांचा विषय काढायला संकोचतात. ‘आत्तापासूनच इस्टेटीवर डोळा’ असं कोणी म्हणेल याची भीती असते. म्हणू द्या. कारण आपल्याकडे एक मोठी अडचण आहे. साधं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, देणाऱ्याची समज गेली की भारतीय करार कायदा, १८७२ नुसार संपतं. नेमकी गरज पडते तेव्हाच ते निरुपयोगी होतं. समज गेल्यानंतर आईच्या नावावरचा फ्लॅट किंवा एफडी हलवायची तर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी कित्येक कुटुंबांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आहे.

तेव्हा सुरुवातीच्या टप्प्यातच, तिच्याशी बोलून, खाती ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने जोडून घ्या, नॉमिनी तपासा, मृत्युपत्र करायचं असेल तर त्या दिवशीचा ‘समज शाबूत आहे’ असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा. नुसत्या निदानाने माणूस सही करायला अपात्र ठरत नाही. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चेहरा ओळखणाऱ्या अॅपवरून घरबसल्या देता येतो. बँकेच्या रांगेत आईला तीन तास उभं करू नका. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. घरी ठेवलेल्या आयाचा पगार त्यात बसत नाही, आणि खरा खर्च तर तिथेच असतो.

रोजचे प्रसंग

‘माझ्या पाटल्या कोणी घेतल्या?’ हा आळ बहुतेक घरांत येतो, आणि तो येतो नेमका सगळ्यांत जास्त करणाऱ्या सुनेवर किंवा कामाच्या मावशींवर. आईने पाटल्या स्वतःच, जपून, कुठेतरी ठेवल्या. ठेवल्याची नोंद झाली नाही. आता त्या जागेवर नाहीत, म्हणजे कोणीतरी घेतल्या, आणि घरात कायम दिसतं कोण? मेंदू मोकळी जागा अशी तर्काने भरतो. ‘मी कशाला घेऊ?’ म्हटलं की तुम्ही आरोपी झालात. ‘अगं बाई, पाटल्या? चला आई, आपण दोघी शोधू’ म्हटलं की तुम्ही तिच्या बाजूच्या. शोधायच्या जागा ठरलेल्या असतात: तांदळाचा डबा, गादीखाली, देव्हाऱ्याच्या मागे, जुन्या पातळाच्या घडीत. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये ठेवून एक ग्रॅमच्या हातात घालून द्या. आणि मावशींना पहिल्याच दिवशी, चहा देऊन, सांगून ठेवा की असं ऐकावं लागेल.

‘मला घरी जायचंय’ हे बहुतेक वेळा संध्याकाळी सुरू होतं. मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडलेलं, दिवसभराचा थकवा, त्यात सावल्या लांबलेल्या. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या आईला जायचं असतं पंचवटीतल्या वाड्यात, आणि तो वाडा पाडून तिथे कधीच अपार्टमेंट उभं राहिलंय. ‘वाडा नाही आता’ हे सांगून उपयोग नाही. पत्ता हा तिचा विषयच नाही. जिथे सगळं ओळखीचं होतं, तिथे तिला जायचं आहे. ‘घरी कोण कोण असायचं हो आई? चूल कुठल्या बाजूला होती?’ असं विचारा. ती सांगायला लागते आणि पाच-दहा मिनिटांत पिशवी बाजूला पडते. कधी चपला घालून खाली एक फेरी मारून ‘आलो घरी’ म्हणत परत यावं लागतं. दिवे अंधार पडायच्या आधी लावा, टीव्हीवरच्या आरडाओरडीच्या बातम्या त्या वेळी बंद ठेवा. सकाळी ऊन अंगावर घेतलं की रात्रीची झोप थोडी सुधारते. कृषीनगरच्या ट्रॅकवर नेता आलं तर उत्तम, नाहीतर गच्ची आहेच.

गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणं हा त्याहून अवघड प्रसंग. ‘ते कधीच गेले’ असं सांगितलं तर तिच्यासाठी ते आज गेले, आणि उद्या पुन्हा जातील. एखाद्याला रोज एक मरण ऐकवण्यात कसला खरेपणा? ‘त्यांची आठवण येतेय ना? त्यांना काय आवडायचं हो?’ हे मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्या क्षणी खरी असते ती आठवण. काही लोक याला फसवणूक म्हणतात. त्यांनी एक आठवडा राहून बघावं.

नोटप्रेसमधून निवृत्त झालेले नाना पहाटे पाचला उठून पहिल्या पाळीला निघतात तेव्हाही हेच. ‘आज सुट्टी आहे, निरोप आलाय’ एवढ्याने काम भागतं. मग हाताला काहीतरी द्या. कागदांचा गठ्ठा जुळवणं, मोजणं, रबर लावणं. तीस वर्षं हातांनी केलेलं काम हात विसरत नाहीत, कारण सवयीच्या हालचाली मेंदूच्या वेगळ्या भागात असतात आणि तो उशिरा बिघडतो. आईसाठी वाती वळणं, मटार सोलणं, मेथी निवडणं. मेथीत काड्या राहिल्या तर राहू द्या, मागून निवडता येतात. हरिपाठ किंवा रामरक्षा लावली तर जिला नातवाचं नाव आठवत नाही तीही पुढची ओळ म्हणते.

अंघोळीवरून सगळ्यांत जास्त झटापट होते. आपल्याला एक वाटणारं हे काम पंधरा पायऱ्यांचं असतं: कपडे काढणं, पाणी पाहणं, बसणं, साबण, तोंड, पाठ… मेंदूचा पुढचा भाग या पायऱ्या क्रमाने लावतो आणि तो थकलेला असतो. त्यात चकचकीत पांढऱ्या फरशीवरचं पाणी खोल दिसतं, अंगावरचे कपडे दुसऱ्याने काढायचे याची लाज वाटते, आणि डिसेंबरात निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा नाशिकची बाथरूमही बर्फच असते. हिवाळ्यात अंघोळ दुपारी बारा-एकला घ्या. बाथरूम आधी गरम पाण्याच्या वाफेने उबदार करा. पाठ टेकता येईल अशा स्टुलावर बसवा, खांद्यावर टॉवेल राहू द्या, पाणी पायांपासून सुरू करा, डोक्यावर एकदम ओतू नका, एक मग तिच्या हातात द्या. सूचना एका वेळी एकच. ‘अंघोळीला चला’ला नकार देणारी आई ‘देवाला फुलं वाहायची आहेत ना?’ला उठते. आणि अंघोळ झाल्याशिवाय चहा नाही हा घरातला नियम आता घरानेच मोडावा. आठवड्यातून दोन-तीनदा अंघोळ आणि बाकी दिवस अंग पुसणं, एवढं पुरतं.

जेवणात रंगाचा विचार करा. पांढऱ्या बशीतला पांढरा भात तिला दिसतच नाही. रंगीत ताटलीत तोच भात संपतो. एका वेळी एकच पदार्थ वाढा. ‘सून जेवायला देत नाही’ असं ती शेजारी सांगते तेव्हा शेजाऱ्यांना आजार समजावून सांगा आणि हाताशी राजगिऱ्याचा लाडू ठेवा. वाद घालण्यापेक्षा लाडू स्वस्त पडतो. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांच्या पेट्या घरात येतात तेव्हा जपा. गिळणं मंदावलेल्या माणसाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं. उभं चिरूनच द्या, ताठ बसवून द्या.

अचानक चिडणं, मारायला धावणं, कण्हणं वाढलं तर स्वभावाला दोष देण्याआधी शरीर तपासा. पोट साफ आहे का, दात दुखतोय का, कानात मळ आहे का, लघवीला जळजळ आहे का. तिला ‘दुखतंय’ हा शब्द सापडत नसतो.

दार उघडं राहिलं तर

वाट चुकून निघून जाणं हा खरा धोका. वरची कडी डोळ्यांच्या पातळीपेक्षा उंच लावा, दाराला घंटी बांधा, पण घरात तिला एकटं कोंडून कोणीही बाहेर जाऊ नका. आग लागली तर ती बाहेर पडू शकणार नाही. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करा. फोन नंबर असलेलं लॉकेट किंवा कडं घाला. चिठ्ठी पर्समध्ये ठेवण्यापेक्षा परकराला किंवा सदऱ्याच्या आतून शिवा, पर्स हरवते. सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा किराणावाला, रिक्षा स्टँड यांना फोटो दाखवून सांगून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही. शेजार जितका जास्त जाणतो, तितकी ती लवकर सापडते.

सापडत नसेल तर आधी घर, जिना, गच्ची, पाण्याच्या टाकीजवळ पाहा. मग जुनी ठिकाणं: माहेरचा वाडा, जुनी कचेरी, रोजचं देऊळ. नाशिकमध्ये गोदाघाटाकडे एकाने ताबडतोब धावावं, कारण पाणी आहे. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ लावावा. ‘चोवीस तास थांबा’ असा कुठलाही नियम नाही, पोलीस लगेच नोंद घेतात.

नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. आयुष्यभर रामकुंडावर स्नान केलेल्या आईला पर्वणीला न्यावं असं घरातल्या सगळ्यांना वाटणार. माझं मत स्पष्ट आहे: पर्वणीच्या दिवशी नेऊ नये. त्या गर्दीत धडधाकट माणसाचा हात सुटतो. लाउडस्पीकर, धक्के, अनोळखी चेहरे यांनी तिचा गोंधळ शिगेला पोचतो, आणि हरवली तर स्वतःचं नाव सांगता येईलच असं नाही. आडदिवशी, सकाळी लवकर, दोन माणसांनी मिळून न्यावं. नाहीतर तांब्याभर गोदावरीचं पाणी घरी आणून अंघोळीच्या बादलीत घालावं. आपल्या आज्यांच्या पिढीला हे अगदी मान्य होतं. सिंहस्थात पाहुणे उतरतील त्या घरांनी आणखी एक करावं: आईची खोली पाहुण्यांना देऊ नये. जागा बदलली की रात्री संडास सापडत नाही, आणि पडणं तिथेच होतं.

पुण्याहून आलेला मुलगा

दर महिन्याला दोन दिवस येणारा मुलगा किंवा अमेरिकेतून फोन करणारी मुलगी म्हणते, ‘आई तर छान बोलली माझ्याशी! तुम्ही उगाच बाऊ करता.’ सुनेला हे सगळ्यांत जास्त लागतं. यामागेही कारण आहे. सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात माणूस थोडा वेळ, पाहुण्यांसमोर, सगळी शक्ती गोळा करून नीट वागू शकतो. ‘बरं आहे ना? मुलं काय म्हणतात? जेवून जा’ ही वाक्यं तोंडात बसलेली असतात. पाहुणे गेले की तीच आई थकून जास्त गोंधळते. डॉक्टरसमोरही असंच होतं. त्यावर वाद घालू नका. मुलाला सांगा, ‘भाऊजी, चार दिवस मी माहेरी जाते, तुम्ही सांभाळा.’ पहाटे तीनला आई तिसऱ्यांदा कपाट उपसायला लागली की पुढचं काही सांगावं लागत नाही.

हा आजार ओळखल्यापासून साधारण चार ते आठ वर्षं चालतो, काहींना वीसही लागतात. एका माणसाच्या, त्यातही एका बाईच्या, जीवावर एवढा काळ निघत नाही. लांबच्या भावंडांनी पैसे, औषधांची ऑर्डर, बँक, विमा ही कामं उचलावी आणि वर्षातून ठरलेले आठवडे प्रत्यक्ष येऊन राहावं. ब्युरोकडून बाई ठेवायची तर पहिले काही दिवस तिच्यासोबत राहा. आईला काय आवडतं, कशाने बिथरते, कुठलं गाणं लावायचं हे एका कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. बाया बदलत राहतात, कागद राहतो. सांभाळणाऱ्याची झोप उडाली, सतत रडू येतंय, हात उचलावासा वाटतोय, तर तो वाईट माणूस झाला असं नाही, तो संपत आला आहे. टेलि-मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, ज्येष्ठांसाठीच्या मदतीला १४५६७ ही एल्डरलाइन आहे. कोणाला वृद्धाश्रमात किंवा डिमेन्शिया केंद्रात ठेवावं लागलं, तर त्या घराला नावं ठेवण्याचा अधिकार त्यांच्याकडे एक रात्रही न राहिलेल्यांना नाही.

शेवटचा टप्पा

पुढे चालणं थांबतं, बोलणं दोन-चार शब्दांवर येतं, लघवी-संडासचं भान जातं. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठ आणि टाचा रोज पाहणं, तोंड स्वच्छ ठेवणं एवढ्याने बराच त्रास टळतो. गिळणं बिघडलं की पातळ पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. पुष्कळांचा शेवट याच वाटेने येतो.

इथे नळीचा प्रश्न उभा राहतो. नाकातून किंवा पोटातून नळी घालून अन्न द्यायचं का? शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसून आलेलं नाही. नळी उपसू नये म्हणून हात बांधावे लागतात ते वेगळंच. म्हणून अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीसारख्या संस्था नळीऐवजी हाताने भरवायला सांगतात: मऊ पेज, दाटसर वरण, चमचा अर्धा, घाई नाही, आणि तिने तोंड मिटलं की थांबणं. ‘आईला उपाशी ठेवली’ असं कोणी म्हणेल या धाकाने घरचे नळीला हो म्हणतात. शरीर बंद होत आलं की भूक आपोआप जाते, ही गोष्ट नातेवाइकांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेली बरी.

आयसीयूच्या दारात हा निर्णय नीट होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित मोहोर. व्हेंटिलेटर नको, नळी नको, माझ्या वतीने कोणी बोलायचं, हे त्यात लिहिता येतं. मात्र ते लिहायला समज शाबूत लागते. म्हणजे निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, मृत्युपत्राच्या त्याच फेरीत, हा कागदही करून घ्यायचा, आणि एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक पुण्याच्या मुलाकडे द्यायची.